औषध आधी आले, होकार फार नंतर

छत्रपती संभाजीनगरहून पूर्वेला साठेक किलोमीटरवर जालना लागते. मोसंबी, बियाणे आणि पोलाद यांच्यासाठी हे गाव आज ओळखले जाते. निजामाच्या काळात त्याची आणखी एक ओळख होती, ती आता फारशी कोणाच्या स्मरणात नाही. हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय काही काळ या जालन्यात होते. १९५३ मध्ये ते हैदराबादच्या एर्रागड्डा भागात हलवण्यात आले. पुढे तीनच वर्षांनी, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत, मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. माणसे इकडे आली आणि त्यांच्यासाठीचे रुग्णालय तिकडेच राहिले. नव्या राज्याच्या मराठी भागातली मनोरुग्णालये नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि येरवडा येथे, म्हणजे सगळीच मराठवाड्याबाहेर होती. त्याच १९५६ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा आजही ‘घाटी’ म्हणूनच ओळखतो.

ही स्थलांतरे चालू होती त्याच दशकात जगभरच्या मनोविकारशास्त्रात उलथापालथ झाली. स्किझोफ्रेनिया आणि इतर तीव्र मनोविकारांवर, ज्यांना डॉक्टर एकत्रितपणे सायकोसिस म्हणतात, पहिली परिणामकारक औषधे तेव्हा हाती आली. ती कशी सापडली, कोणी शोधली, कोणाला पारितोषिके मिळाली, ही कथा पुष्कळदा सांगून झाली आहे. आपण येथे तिच्या पोटातली दुसरी कथा पाहणार आहोत. ज्या माणसांवर ही औषधे पारखली गेली, त्यांना कोणी विचारले होते का? विचारले तर कधीपासून? आणि आज मराठवाड्यातल्या एखाद्या रुग्णापुढे चाचणीचे संमतीपत्र ठेवले जाते, ते कोणकोणत्या वळणांवरून त्याच्यापर्यंत आले?

चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांवरच्या उपचारांचा स्वतंत्र अध्याय आहे. युरोपातही वेडावरच्या उपायांची कधी वाण नव्हती. उणीव होती ती पारखण्याच्या रीतीची. रुग्ण बरा झाला तर औषधामुळे, दैवामुळे की आजार आपोआप उतरणीला लागल्यामुळे, हे ठरवायचे कसे? १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबे खाणारी जोडी लवकर सुधारली. तुलनेचे हे बीज तेव्हापासून उपलब्ध होते, पण वेड्यांच्या इस्पितळात ते रुजायला दोनशे वर्षे लागली. भारतात १९१२ चा ‘इंडियन ल्युनसी अॅक्ट’ रुग्णाला दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने भिंतीआड घेऊन जाई. ज्याच्या येण्याजाण्यालाच स्वतःची मर्जी लागत नव्हती, त्याला उपचाराविषयी विचारण्याचा प्रश्नच कोठून येणार?

त्या भिंतींआड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे झाले, त्याला आज आपण प्रयोग म्हणू. तेव्हा त्याला उपचारच म्हणत. १९३३ मध्ये मानफ्रेड झाकेल याने व्हिएन्नात इन्सुलिन कोमा आणला. रुग्णाला इन्सुलिनची मोठी मात्रा टोचायची, रक्तातील साखर उतरवून त्याला बेशुद्धीत न्यायचे, मग ग्लुकोज देऊन परत आणायचे, आणि हे आठवड्यामागून आठवडे करीत राहायचे. काही रुग्ण त्यातून परत येत नसत. तरीही जगभर या उपचारासाठी खास वॉर्ड उघडले गेले. वीस वर्षांनी, १९५३ मध्ये, हॅरल्ड बोर्न या तरुण इंग्रज डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहून या उपचाराला सरळ भ्रम ठरवले, तेव्हा ज्येष्ठ मंडळी त्याच्यावर तुटून पडली. वादाचा निकाल लागला १९५७ मध्ये. ब्रायन अॅक्नर आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची यादृच्छिक वाटणी केली. एका गटाला इन्सुलिनने बेशुद्ध केले, दुसऱ्याला बार्बिच्युरेट या झोपेच्या औषधाने, आणि बाकीची सारी शुश्रूषा सारखी ठेवली. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. गुण येत होता तो इन्सुलिनचा नव्हे, त्यासोबत मिळणाऱ्या देखभालीचा असावा. चाचणी न घेण्याची किंमतही रुग्णच मोजतो, हा या प्रकरणाचा धडा पुढेही आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता आपण भारताकडे वळू, कारण या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा आपल्याच मातीतून निघतो. सर्पगंधेची मुळी विषबाधेवर आणि वेडावर देण्याचा प्रघात जुना आहे. बिहारमध्ये तर तिला ‘पागल की दवा’ म्हणूनच विकत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ या नियतकालिकात निबंध लिहून वेड आणि उच्च रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण येतो असे मांडले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी या मुळीतून अल्कलॉइड वेगळे काढले आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ असे नाव दिले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील हे औषध रक्तदाबावर वर्षानुवर्षे वापरीत होते. १९४९ मध्ये त्यांनी पन्नास रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच्या शीर्षकातच ‘क्लिनिकल ट्रायल’ हे शब्द घातले. त्या लेखाने पाश्चात्त्य जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी बाझेलमध्ये तिच्यातला मुख्य घटक, रेझरपिन, वेगळा केला.

इथे कथेला अनपेक्षित वळण मिळते. १९५३ मध्ये बडोद्याला भरलेल्या गुजरात-सौराष्ट्र वैद्यकीय परिषदेत अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी मनोविकारांवरील देशी औषधांविषयी निबंध वाचला आणि त्यांना सुवर्णपदक मिळाले. ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापली. न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमध्ये काम करणारे नेथन क्लाइन यांच्यापर्यंत सर्पगंधेची वार्ता अशी पोचली. त्यांनी आपल्या रुग्णांवर ती आणि रेझरपिन वापरून पाहिले आणि १९५४ मध्ये निष्कर्ष छापले. पुढच्या वर्षी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात डेव्हिड डेव्हिस आणि मायकेल शेपर्ड यांनी चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांवर रेझरपिनची यादृच्छिक चाचणी घेतली. मनोविकारशास्त्रातल्या अगदी पहिल्या अशा चाचण्यांत तिची गणना होते. १९५७ च्या लास्कर पारितोषिकात वकील आणि क्लाइन ही दोन्ही नावे एकत्र आली. मुंबईतील पारशी डॉक्टर आणि न्यूयॉर्कचा मनोविकारतज्ज्ञ यांना जोडणारा दुवा होता एका रोपट्याची मुळी. या सगळ्या प्रवासात वनस्पतीचे नाव टिकले, रसायनाचे टिकले, कंपनीचे आणि डॉक्टरांचेही टिकले. ज्यांनी ती पूड गिळली त्या इस्पितळातल्या माणसांची इतिहासाने फक्त संख्या ठेवली.

सर्पगंधेला मागे टाकणारे औषध तोपर्यंत फ्रान्समध्ये जन्मले होते. १९५० च्या डिसेंबरमध्ये रोन-पूलँक कंपनीत पॉल शार्पांतिए यांनी क्लोरप्रोमाझिन तयार केले. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण शांत राहावा म्हणून शल्यवैद्य आँरी लाबोरी ते वापरीत. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी ते सायकोसिसच्या रुग्णांना दिले. भास आणि संशय मावळू लागले, आरडाओरड थांबली, वॉर्ड शांत झाले. पण उत्साह म्हणजे पुरावा नव्हे. १९५४ मध्ये बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन रुग्णालयात जोएल आणि शार्मियन एल्क्स या दांपत्याने २७ जुनाट, अस्वस्थ रुग्ण निवडले. त्यांना काही आठवडे क्लोरप्रोमाझिनच्या आणि काही आठवडे तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या, म्हणजे प्लासिबो, दिल्या. कोणत्या आठवड्यात काय दिले हे वॉर्डातल्या परिचारिकांनाही ठाऊक नव्हते. त्या रोज वागणुकीची नोंद करीत राहिल्या. शेवटी नोंदी उलगडल्या तेव्हा सात रुग्णांत ठळक सुधारणा, अकरांत थोडी, आणि नऊ जणांत काहीच नाही, असा हिशेब निघाला. जगभर जयघोष चालू असताना ‘नऊ जणांत काहीच नाही’ असे प्रांजळपणे लिहिणारा हा छोटा लेख या क्षेत्रातला मैलाचा दगड आहे. दहा वर्षांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने नऊ रुग्णालयांत चारशेहून अधिक रुग्णांची सहा आठवड्यांची चाचणी घेतली आणि या औषधगटाची परिणामकारकता निर्विवाद केली. मोजमापाची हत्यारेही मागोमाग आली. १९६२ मध्ये लक्षणे मोजण्याची एक संक्षिप्त श्रेणी तयार झाली आणि १९८७ मध्ये तीस बाबींची ‘पॅन्स’ श्रेणी आली. तीच आज सर्वत्र वापरतात.

पद्धत अशी धारदार होत असताना होकाराचा प्रश्न दुसऱ्याच वाटेने पुढे येत होता. नाझी डॉक्टरांवरील खटल्यानंतर १९४७ मध्ये न्युरेम्बर्ग संहिता लिहिली गेली. प्रयोगात सहभागी होणाऱ्याची स्वेच्छेची संमती अनिवार्य, हे तिचे पहिलेच कलम. पण संमती देण्याची कायदेशीर क्षमता त्या व्यक्तीकडे असली पाहिजे, असेही तीत म्हटले होते. ते शब्दशः घेतले तर ज्याचे मन थाऱ्यावर नाही अशा कोणावरही संशोधन करता येणार नाही, आणि मग त्याच्या आजारावर औषध तरी कसे निघणार? १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने पालकाच्या संमतीची वाट मोकळी केली. तेव्हापासून या इतिहासात दोन धोके बरोबरीने चालत आले आहेत. एक, रुग्णाला न विचारता वापरून घेण्याचा. दुसरा, त्याला काही समजतच नाही असे धरून संशोधनाच्या दाराबाहेर ठेवण्याचा. पहिल्यात त्याचे शरीर वापरले जाते आणि दुसऱ्यात त्याचा आजार दुर्लक्षित राहतो.

भारतात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीने संशोधनात उत्साहाने भाग घेतला. १९६७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा पथदर्शी अभ्यास सुरू केला, त्यात भारतातून आग्र्याची निवड झाली. विकसनशील देशांतले रुग्ण काही वर्षांनी तुलनेने बऱ्या स्थितीत आढळतात, हा त्यातला निष्कर्ष अजूनही वादाचा विषय आहे. मुंबईच्या के. ई. एम. मध्ये डॉ. एन. एस. वाहिया आणि सहकारी पतंजलीच्या योगकल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती पारखून पाहत होते. १९७६ मध्ये बंगळुरूहून प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तर एक वर्तुळच पूर्ण केले. ब्राह्म्यादियोग आणि तगर ही आयुर्वेदीय औषधे, क्लोरप्रोमाझिन आणि प्लासिबो यांची तुलना उन्मादाच्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या, रुग्णांमध्ये दुहेरी अंधत्व राखून, म्हणजे कोणाला काय दिले हे रुग्णाला वा डॉक्टरला कळू न देता, केली गेली. चरकाचा उन्माद आणि एल्क्स दांपत्याची पद्धत एकाच तक्त्यात आली. नियम मात्र हळूहळू येत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नैतिक धोरणाचे पहिले निवेदन १९८० मध्ये काढले. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने १९१२ चा कायदा मोडीत काढला. संशोधनातून रुग्णाचा थेट फायदा होत असला पाहिजे, नाहीतर त्याची किंवा पालकाची लेखी संमती असली पाहिजे, अशी अट त्याने घातली. नीट वाचले तर ध्यानात येते की या वाक्यरचनेत फायदा होत असेल तर संमतीवाचूनही भागत होते.

रुग्णाच्या घरच्यांचा आवाज याच काळात संघटित होऊ लागला. जगन्नाथ वाणी हे मूळचे धुळे भागातले, कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. हा आजार त्यांनी आपल्या घरात पाहिला होता. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट त्यांच्याच प्रयत्नांतून साकारला आणि मराठी घरांत या आजाराविषयी उघडपणे बोलले गेले. ज्या विद्येवर चाचण्यांचा डोलारा उभा असतो ती संख्याशास्त्राची विद्या आणि घरातल्या आजारपणाचा अनुभव एकाच माणसात एकत्र यावेत, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

२००५ हे वर्ष निर्णायक ठरले. भारताने औषधनियमांतील ‘शेड्यूल वाय’मध्ये बदल करून परदेशात ज्या टप्प्याची चाचणी चालू असेल त्याच टप्प्याची चाचणी येथेही घेण्यास परवानगी दिली. रुग्णसंख्या मोठी, इंग्रजी जाणणारे डॉक्टर पुष्कळ, खर्च कमी. बड्या औषध कंपन्यांचा ओघ सुरू झाला. त्याच वर्षी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री’मध्ये रिस्पेरिडोन या औषधाची एक चाचणी प्रसिद्ध झाली. भारतातील आठ केंद्रांवर तीव्र उन्मादावस्थेतील, म्हणजे मेनियाच्या, २९० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना तीन आठवडे प्लासिबो दिला गेला होता. या अवस्थेवर परिणामकारक औषधे आधीच उपलब्ध असताना इतक्या आजारी माणसांना त्यांच्यावाचून ठेवणे योग्य होते का, आणि अशा अवस्थेतील माणसाची संमती कितपत खरी मानायची, असे प्रश्न त्याच नियतकालिकात पत्रांतून विचारले गेले. चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही, ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ऊर्फ सीटीआरआय, जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली.

संमती खरी की नावापुरती, या प्रश्नाचे सर्वांत उपयुक्त उत्तर एका मराठी माणसाच्या नेतृत्वाखाली आले. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि मुंबईत मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेतलेले डॉ. दिलीप जेस्ते पुढे अमेरिकेत सॅन डिएगोला स्थिरावले. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनचे ते २०१२-१३ मध्ये अध्यक्षही झाले. २००७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दहा प्रश्नांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. संमतीपत्र वाचून दाखवल्यावर रुग्णाला विचारायचे: या अभ्यासाचा हेतू काय? तुम्हाला काय काय करावे लागेल? यात धोके कोणते? तुम्हाला फायदा होईलच असे आहे का? मध्येच सोडता येईल का? प्रत्येक उत्तराला शून्य, एक किंवा दोन गुण. उत्तर चुकले तर माहिती पुन्हा समजावून सांगायची आणि पुन्हा विचारायचे. या गटाच्या कामातून एक गोष्ट ठसली. स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तींमध्ये समजण्याची क्षमता सारखी नसते, निदानावरून ती ठरवता येत नाही, आणि माहिती नीट सांगितली तर ती वाढते. ‘वेड्याला काय कळतंय’ या आपल्याकडच्या सरसकट निवाड्याला यापेक्षा शांत आणि ठाम उत्तर दुसरे नसेल.

आता आपण साताऱ्याला येऊ. आतापर्यंतच्या चाचण्या गोळ्यांच्या होत्या, ही माणसांच्या सोबतीची होती. १ जानेवारी २००९ ते ३१ डिसेंबर २०१० या काळात सातारा, गोवा आणि तामिळनाडूतील कांचीपुरम येथे स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांनी ‘कॉप्सी’ नावाच्या चाचणीत भाग घेतला. साताऱ्यात ‘परिवर्तन’ आणि गोव्यात ‘संगाथ’ या संस्था काम पाहत होत्या. सर्वांना मनोविकारतज्ज्ञांचे नेहमीचे उपचार मिळत. त्यांपैकी १८७ जणांच्या घरी त्याशिवाय प्रशिक्षित कार्यकर्ते जात. त्या कार्यकर्त्यांकडे वैद्यकीय पदवी नव्हती. आजार म्हणजे काय ते घरातल्यांना समजावणे, गोळ्या नियमित जातात ना ते पाहणे, आंघोळ, कामधंदा, चारचौघांत मिसळणे यांची घडी पुन्हा बसवणे, सरकारी योजनांचे कागद करून देणे, अशी त्यांची कामे. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. वर्षअखेर लक्षणांतला फरक लहान होता आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेसा ठाम नव्हता, पण रोजच्या जगण्यातल्या अक्षमतेत घट दिसली. ज्यांना कधी कोणी विचारले नव्हते अशा माणसांच्या ओट्यावर जाऊन कोणी तरी विचारत होते, आणि ते उत्तर जगातल्या अग्रगण्य नियतकालिकात मोजले जात होते. मराठी मुलखाने या क्षेत्रात दिलेली ही सर्वांत महत्त्वाची चाचणी होय.

त्याच सुमारास इंदूरच्या ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ने अनैतिक चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. न्यायालयाने २०१३ मध्ये सरकारला फैलावर घेतले. त्या वर्षी भरपाईचे नियम आले आणि संमती घेतानाचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा आदेशही निघाला. मार्च २०१९ च्या नव्या नियमांनी हे सारे एकत्र बांधले. चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य हवेत, त्यांत सामान्य नागरिकही हवा. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. प्रचलित उपचार उपलब्ध असताना प्लासिबोमुळे अपाय झाला तर तोही भरपाईस पात्र आहे. नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल स्थितीतील व्यक्तींची संमती चित्रमुद्रित करावी लागते. स्वतः संमती देऊ न शकणारे त्यात येतात.

मधल्या काळात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला आणि १९८७ च्या तरतुदीतली ती फट बुजली. त्याचे ९९ वे कलम म्हणते की मनोरुग्णावरील कोणत्याही संशोधनासाठी, नुसती मुलाखत असली तरी, त्याची स्वतःची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती हवी. तो संमती देण्याच्या स्थितीत नसेल आणि विरोधही करीत नसेल, तर राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यानंतर त्याने नेमलेल्या प्रतिनिधीची संमती चालते, पण तीही हे संशोधन संमती देऊ शकणाऱ्यांवर होणे शक्य नसेल तरच. दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते. १९१२ ते २०१७ हे अंतर वर्षांनी मोजले तर एकशे पाच आहे.

आज छत्रपती संभाजीनगरमध्ये एखाद्या रुग्णाला चाचणीत येण्याविषयी विचारले जाते, तेव्हा हा सारा इतिहास टेबलावरच्या कागदांत उतरलेला असतो. मराठीतले माहितीपत्रक पाने उलटून वाचले जाते. अक्षरओळख नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार बसतो. रुग्णांची गटांत विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी होते, आणि कोणती गोळी आपल्याला मिळाली हे रुग्णाला वा डॉक्टरला कळत नाही. मग ‘पॅन्स’ची मुलाखत. आवाज ऐकू येतात का, कोणी पाळतीवर आहे असे वाटते का, हे विचारून झाल्यावर एखाद्या म्हणीचा अर्थ विचारतात, कारण अमूर्त विचाराची क्षमता त्यातून दिसते. गंगापूर किंवा सिल्लोडहून आलेल्या माणसाला ‘नाचता येईना अंगण वाकडे’ याचा अर्थ विचारला तर उत्तरातून काही कळते. परकी म्हण भाषांतरून विचारली तर मोजले जाते ते शालेय शिक्षण.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम या जोडगोळीला स्किझोफ्रेनियासाठी मान्यता दिली. क्लोरप्रोमाझिनपासूनची सारी औषधे मेंदूतील डोपामिनच्या ग्राहकांवर काम करीत आली. वेगळ्या वाटेने जाणारे हे पहिले औषध. त्याच्या निर्णायक चाचण्या अमेरिका आणि युक्रेनमध्ये झाल्या. उद्या ते मराठवाड्यातल्या रुग्णाला लिहून दिले जाईल, तेव्हा त्याच्या आहारावर, शरीरयष्टीवर आणि बरोबरच्या आजारांवर ते कसे चालते याचा आधार दूरच्या माणसांचाच असेल. म्हणून आपल्या लोकांनी चाचण्यांपासून सरसकट दूर राहावे असे म्हणणे इन्सुलिन कोम्याचा धडा विसरण्यासारखे आहे. आणि दवाखान्यात मोफत गोळ्या मिळतात म्हणून अंगठा उठवणे म्हणजे त्यानंतरची साठ वर्षे विसरणे होय.

तेव्हा वाचकहो, घरात कोणाला असे विचारले गेले तर घाई करू नका. संमतीपत्राची प्रत मागून घ्या, ती घरी आणा, ज्याचा आजार आहे त्याच्यासोबत वाचा. त्याला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या की काय होणार आहे. चालू औषध थांबणार का, प्लासिबो आहे का, त्रास वाढला तर रात्री कोणाला फोन करायचा, चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का, हे चार प्रश्न विचारा. नैतिकता समितीचा संपर्क आणि सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक कागदावर आहे का ते पाहा, आणि तो क्रमांक नोंदवहीत तपासा. क्रमांक मिळत नसेल तर सही करू नका.